वजन, वचन आणि वृद्धी
(प्राचीन भूमध्यसागरी व्यापार व आपल्याकडील श्रेणी : एक अभ्यास)

व्यापार मालावर चालतो, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. माल कोठे ना कोठे असतोच आणि त्याची गरज असलेला मनुष्यही असतो. परंतु ज्या दोघांची ओळख नाही, भाषा एक नाही, राजा एक नाही, त्यांच्यात देवघेव सुरू व्हावयाची तर मालाखेरीज आणखी काही लागते. माप खरे असावे लागते, नाणे चोख असावे लागते, दिलेला शब्द लेखी असावा लागतो आणि तो मोडल्यास दाद मागावयास जागा असावी लागते. हे जे सर्वांनी मान्य केलेले नियम व ते पाळावयास लावणारी माणसे, त्यांस अर्थशास्त्रज्ञ 'संस्था' म्हणतात. डग्लस नॉर्थ या अमेरिकन पंडितास १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते आर्थिक इतिहासाचा अशा दृष्टीने अभ्यास केल्याबद्दलच होय.

दौलतगंजात घाऊक धान्याचा व्यापार करणाऱ्या आणि मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या आम्ही ग्रीस-रोमच्या अर्थकारणावर लेखणी चालवावी, हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु त्या देशांचे जे कायदे व करार दगडावर आणि जुन्या कागदांवर टिकून राहिले आहेत, त्यांतील मोठा भाग धान्याचे माप, धान्याचा भाव व धान्यावरील कर्ज यांचाच आहे. तो वाचताना आम्हांस परक्या घरात गेल्यासारखे वाटले नाही. शिवाय त्या व्यापाराचे दुसरे टोक आपल्याच देशात, भडोच, कल्याण, पैठण व जुन्नर येथे होते. म्हणून ही दोन्ही टोके एकत्र ठेवून आपल्या संघाने त्यांतून काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. अथेन्सचा धान्यबाजार

अथेन्स नगराच्या भोवतालची जमीन खडकाळ. तेथे जव व ऑलिव्ह होत, पण गहू पुरेसा पिकत नसे. तो काळ्या समुद्रापलीकडून, सिसिलीतून व मिसरातून जहाजांनी आणावा लागे. डेमॉस्थेनीस हा वक्ता इ. स. पू. ३५५ च्या सुमारास सांगतो की, एकट्या बॉस्पोरसच्या राज्यातून वर्षास ४ लक्ष मेडिम्नॉस धान्य येते. (मेडिम्नॉस हे सुमारे ५२ लिटरांचे माप होते.) ज्या नगराचे पोट समुद्रापलीकडील व्यापाऱ्यावर अवलंबून, त्याने व्यापाऱ्यास कसे वागविले, हे पाहणे बोधप्रद आहे.

प्रथम मापाकडे पाहू. वजनमापांवर देखरेख ठेवणारे अधिकारी निराळे व धान्यबाजारावरील निराळे होते. इ. स. पू. ३७४ सालचा एक कायदा कोरलेली शिळा १९८६ मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत सापडली. तीन बेटांवरील धान्याचा बारावा हिस्सा कर म्हणून धान्याच्याच रूपाने नगरात आणावयाचा, असा तो कायदा आहे. त्यात गहू व जव यांच्या किती मापास किती वजन भरले पाहिजे हे वेगवेगळे ठरविलेले असून माल कोरडा व तणाच्या बियांपासून स्वच्छ असावा, अशी अट आहे. आज आपण परखी लावून ओल व काडीकचरा पाहतो, त्याहून हे काय वेगळे आहे? ओलसर धान्य मापात भरते पण वजनात हलके पडते, ही गोष्ट तेथील कायदेकर्त्यांस ठाऊक होती.

नाण्याविषयीची काळजी त्याहून अधिक होती. इ. स. पू. ३७५ च्या कायद्याने बाजारपेठेत व पायरियस बंदरात एकेक सरकारी पारखी बसविला. खोटे नाणे त्याने तेथल्या तेथे छेदावयाचे. चोख नाणे स्वीकारण्यास विक्रेत्याने नकार दिल्यास त्याचा त्या दिवशीचा माल जप्त व्हावयाचा. पारख्याने कामचुकारपणा केल्यास त्यासही ५० फटक्यांची शिक्षा होती. घेणारा, देणारा व तपासणारा या तिघांवरही बंधन होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता धान्यव्यापाऱ्यांस न आवडणारी गोष्टही सांगितली पाहिजे. इ. स. पू. ३८६ च्या सुमारास अथेन्समधील काही धान्यविक्रेत्यांवर खटला झाला. लिसियस या वक्त्याने लिहिलेले फिर्यादीचे भाषण उपलब्ध आहे. विक्रेत्याने एका वेळी ५० टोपल्यांहून अधिक धान्य खरेदी करू नये आणि खरेदीवर एका ओबोलाहून अधिक चढवू नये, असा नियम असे. ओबोल म्हणजे द्राख्माचा सहावा भाग. आरोपींनी एकत्र येऊन जास्त साठा केला, एकाच दिवसात द्राख्माभर महाग विकले आणि जहाजे बुडाली, बंदरे बंद झाली अशा आवया उठवून भाव चढविला, असा आरोप होता. शिक्षा देहान्ताची होती.

हे भाषण वाचताना आमच्या मनात दोन विचार आले. धान्यात घट येते, कीड लागते, भाडे व हमाली चढते. एका ओबोलात हे सर्व बसवा म्हणणारा कायदा व्यापारी जाणत नव्हता. दुसरे असे की, हे विक्रेते परमुलखातून येऊन राहिलेले लोक होते आणि महागाईत परक्यावर खापर फोडणे सोपे असते. तथापि अफवेवर भाव चढविणारास कोणताही समाज क्षमा करीत नाही, हेही तितकेच खरे. धान्यव्यापाऱ्यावरील संशय अडीच हजार वर्षांइतका जुना आहे. तो रागाने जात नाही. त्यास उत्तर द्यावे लागते. ते उत्तर आपल्याकडील एका धान्यश्रेणीने कसे दिले, ते पुढे येईल.

२. समुद्रावरील कर्ज व झटपट न्याय

अथेन्सने केवळ दंडच केला असता तर जहाजे दुसऱ्या बंदराकडे वळली असती. ती वळली नाहीत, याचे कारण तेथे भांडवल व न्याय दोन्ही मिळत. सावकार जहाजावरील मालाच्या तारणावर रक्कम देत. जहाज सुखरूप परतल्यास मुद्दल व व्याज द्यावयाचे. जहाज बुडाल्यास सावकाराचे पैसे बुडाले. आपल्या जुन्या पेढ्यांतील जोखमी हुंडीचे तत्त्व हेच होय. डेमॉस्थेनीसच्या भाषणांच्या संग्रहात असा एक करार आहे. ३,००० द्राख्मांच्या त्या कर्जावर हजारी २२५ व्याज ठरले असून, परतीस उशीर होऊन वादळी ऋतू लागल्यास ते हजारी ३०० व्हावयाचे होते. जोखीम वाढली की व्याज वाढले, हा हिशोब स्पष्ट आहे. मात्र जे जहाज अथेन्सला धान्य आणणार नाही त्यावर अथेन्सच्या रहिवाशाने कर्ज देऊ नये, असा निर्बंध होता. नगराने आपली गरज अशा रीतीने भांडवलाशी जोडून ठेविली.

इ. स. पू. चौथ्या शतकाच्या मध्यास सागरी व्यापाराच्या दाव्यांसाठी वेगळी व्यवस्था झाली. हे दावे 'मासिक दावे' म्हणून ओळखले जात. लेखी करार असल्यास परदेशी व्यापारीही नागरिकाच्या बरोबरीने उभा राही. समुद्र बंद असलेल्या हिवाळी महिन्यांत हे दावे चालत, की नौकानयनाचा ऋतू येताच माणूस मोकळा व्हावा. बंदरातील जकात आयात-निर्यात दोहोंवर शेकडा २ होती. परक्यास लवकर न्याय व आगाऊ ठाऊक असलेली जकात, या दोन गोष्टींनी पायरियस बंदर नांदते ठेवले.

३. रोमची शांतता आणि हिंदुस्थानची वाट

पुढे रोमने सारा भूमध्यसमुद्र एका सत्तेखाली आणला. समुद्रावरील चाचेगिरी मोडली. रोम शहराची वस्ती १० लक्षांच्या घरात गेली असावी, असा विद्वानांचा अंदाज आहे. ऑगस्टसच्या काळी सुमारे २ लक्ष नागरिकांस सरकारी धान्य फुकट मिळे. ऑस्टिया येथे नाटकगृहामागील चौकात कार्थेज, अलेक्झांड्रिया, नार्बो इत्यादी ठिकाणच्या नौकाव्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांपुढील रंगीत खड्यांच्या फरशा आजही पाहावयास मिळतात. ग्रीनलंडच्या बर्फात साचलेल्या शिशाच्या अंशांवरून त्या काळी चांदी गाळण्याचे काम किती वाढले होते, हेही आता मोजले गेले आहे. प्राचीन काळी खरीखुरी आर्थिक वाढ झालीच नाही, असे मत मोझेस फिन्ली यांच्या १९७३ च्या ग्रंथानंतर बराच काळ प्रबळ होते. अलीकडील पुराव्यांनी ते पुष्कळच सौम्य झाले आहे.

मान्सून वाऱ्यांचा उपयोग करून मिसरातील व्यापारी हिंदुस्थानास येत. तांबड्या समुद्रावरील मायॉस हॉर्मॉस बंदरातून वर्षास १२० जहाजे निघतात, असे स्ट्रॅबो लिहितो. हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्सेस ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार आहे. व्हिएन्ना येथे जपून ठेवलेल्या दुसऱ्या शतकातील एका पपायरसावर केरळातील मुझिरिस बंदराच्या सफरीसंबंधी कर्जाचा करार असून पाठीमागे 'हर्मापोलॉन' जहाजावरील मालाचा हिशोब आहे. कर वजा जाता तो माल सुमारे ७० लक्ष सेस्टर्सेस किमतीचा होता. हा कर चौथा हिस्सा, म्हणजे शेकडा २५ होता.

शेकडा २५ जकात देऊनही व्यापार वाढत होता, हे वाचून आम्ही थबकलो. कर जड होता यात शंका नाही. परंतु तो किती, कोठे व केव्हा द्यावयाचा हे जहाज सुटण्यापूर्वीच ठाऊक असे. म्हणून तो मालाच्या पडत्यात धरता येई. व्यापाऱ्यास जड कर सोसवतो, अनिश्चितता सोसवत नाही. याचा उलट पुरावा आपल्याच किनाऱ्यावर मिळतो.

४. भडोच व कल्याण

पहिल्या शतकाच्या मध्यास मिसरातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे बंदरांचे वर्णन लिहिले. त्यात भडोचचे चित्र स्पष्ट आहे. नर्मदेच्या मुखाशी भरतीचा लोंढा भयंकर व वाळूचे उथळ भाग फसवे; म्हणून राजाच्या सेवेतील कोळी मोठ्या नावा घेऊन पुढे सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात आणि आलेली जहाजे वाट दाखवीत आत आणीत. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच येई. सोन्याचांदीची रोमन नाणी येत व त्यांच्या वटावावर नफा मिळे. उज्जैनहून, तसेच पैठण व तेरहून माल भडोचला उतरे. भडोचपासून पैठण २० दिवसांच्या वाटेवर व तेथून पूर्वेस तेर १० दिवसांच्या वाटेवर असल्याचे तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड व तेरहून कापड अवघड वाटांनी गाड्यांतून जाई. आमच्या धंद्याच्या लोकांस आणखी एक ओळ आवडेल : गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल व साखरही या किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या बंदरांस जात असे.

आता कल्याण पाहा. मागे पैठण, पुढे नाणेघाट. पैठणच्या मालास भडोचपेक्षा ही वाट जवळची. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण लोक आजही जकातीचा रांजण म्हणून दाखवितात. परंतु पेरिप्लसकार सांगतो की, थोरल्या सारगनाच्या काळी कल्याण हे रीतसर व्यापारी बंदर होते. पुढे संदनाच्या ताब्यात गेल्यापासून तेथे अडथळे फार झाले. ग्रीक जहाज चुकून तेथे लागलेच तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाई. सातवाहन व क्षत्रप यांच्या झगड्याचा हा परिणाम, असे इतिहासकार मानतात. जवळची वाट सोडून माल २० दिवसांच्या वाटेने गेला, कारण तेथे पोहोचल्यावर काय होईल हे ठाऊक होते.

नाण्याची कथा याहून निराळी आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपान क्षत्रपाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नहपानाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर आपला शिक्का उमटविला होता. शत्रूचे नाणे बाद न करता त्याच वजनाचे नाणे नव्या शिक्क्याने चालू ठेवले. राजे लढले तरी बाजाराचे वजन बदलले नाही.

५. श्रेणींची पत

राज्ये बदलत असता व्यवहाराची पत कोणी राखली? याचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे. नहपानाचा जावई उषवदात याने ४२ व्या वर्षी लेणे दान केले आणि त्यातील २० भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. आपल्या जुन्या बोलीत बारा आणे शेकडा. मुद्दल परत करावयाचे नाही, व्याजच खर्चावयाचे.

आम्ही हा हिशोब मांडून पाहिला. २,००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे वर्षास २४०. भिक्षू २० व प्रत्येकास वस्त्रासाठी १२ कार्षापण, म्हणजे २४०. बेरीज बरोबर उतरते. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० किरकोळ खर्चास. दानही येथे पक्क्या खतावणीने केलेले आहे. तसेच ही ठेव निगमसभेत वाचून दाखविली व फलकावर नोंदविली, असे लेखात स्पष्ट आहे. राजाच्या जावयाने पैसा खजिन्यात न ठेवता विणकरांच्या श्रेणीकडे ठेवावा, यातच श्रेणीची पत दिसते. राजवट जाईल, श्रेणी राहील, असा त्याचा भरवसा असला पाहिजे. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळीही नाशिकच्या कुंभार, तेली इत्यादी श्रेणींकडे आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवी ठेविल्याचा लेख आहे.

आणि आता आमच्या विशेष आदराचा लेख. जुन्नरच्या लेण्यांत सात खोल्यांचे एक लेणे व पाण्याचे टाके यांचे दान कोरलेले आहे. दाते आहेत धान्यव्यापाऱ्यांची श्रेणी. कोणा एका शेटजीचे नाव तेथे नाही. त्याच जुन्नरात यवनांनी दिलेली दानेही आहेत, म्हणजे परदेशीयही त्या पेठेत वावरत होते. अथेन्सच्या धान्यविक्रेत्यांचे नाव खटल्यामुळे उरले. जुन्नरच्या धान्यव्यापाऱ्यांचे नाव वाटसरूंच्या पाण्याच्या टाक्यामुळे उरले.

आपल्या ग्वाल्हेर भागातही याची खूण आहे. डबऱ्याजवळील पवाया हे प्राचीन पद्मावती नगर. तेथे सापडलेली माणिभद्र यक्षाची मूर्ती गूजरी महालातील संग्रहालयात आहे. वाटसरू व व्यापारी यांचा हा रक्षक. आपल्या जैन परंपरेतही माणिभद्राचे स्थान आहे. त्या मूर्तीच्या बैठकीवरील लेखात शिवनंदी राजाच्या चौथ्या वर्षी एका गोष्ठीने, म्हणजे सभासदांच्या मंडळाने, ती स्थापिल्याचे सांगितले आहे. मिळून कार्य करण्याची ही रीत आपल्या भूमीस नवी नाही.

६. उणी बाजू

या वैभवाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. अथेन्सची चांदी लॉरियनच्या खाणींत गुलाम खणीत. डेलॉस बेट इ. स. पू. १६६ च्या सुमारास जकातमुक्त बंदर झाले आणि तेथे दिवसास दहा हजार गुलामांची देवघेव होऊ शके, असे स्ट्रॅबो लिहितो. नियम चोख, पण माल मनुष्य! तेच डेलॉस इ. स. पू. ८८ व ६९ मध्ये लुटले गेले व पुन्हा सावरले नाही. जीवदयेचा संस्कार असलेल्या आपल्या समाजास निराळे सांगावयास नको की, व्यवस्था चांगली असणे पुरेसे नाही. ती कशासाठी राबते हेही पाहिले पाहिजे. बाहेरच्यास आत न घेणारी व केवळ भाव बांधण्यासाठी जमणारी मंडळी लोकांच्या रोषास पात्र होते, हे लिसियसच्या खटल्यावरून दिसलेच आहे.

७. आपण काय घ्यावे

आमच्या व्यापारी बंधूंत दोन मते नेहमी ऐकू येतात. एक म्हणते, नियम सर्व काढून टाका, व्यापार आपोआप वाढेल. दुसरे म्हणते, सर्व काही सरकारने करावे. इतिहास दोघांसही पूर्ण साथ देत नाही. पारखी व वाटाडे कोळी राज्याने नेमले. ठेव व पत श्रेणीने राखली. आपल्याकडेही १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आली आणि मध्य प्रदेशात १९७२ च्या मंडी अधिनियमाने लिलाव व तोल यांस शिस्त आली. हा राज्याचा भाग झाला. श्रेणीचा भाग मात्र आपण ढिला सोडला आहे. आमच्या माहितीतील परगावचा एक डाळीचा सौदा नमुना व माल यांतील फरकावरून वादात पडला. वाद कोर्टात वर्षानुवर्षे चालला आणि त्या मुदतीत वकिलाचा खर्च मूळ फरकाहून अधिक झाला. असे वाद दोन्ही पक्षांची उमेद मारतात आणि नवी पिढी धंद्यापासून दूर जाते.

म्हणून संघापुढे तीन सूचना नम्रतापूर्वक ठेवतो.

(१) सभासदांच्या आपसांतील व परगावच्या व्यापाऱ्यांशी होणाऱ्या वादांसाठी पंचमंडळ नेमावे. उभय पक्षांनी लेखी संमती द्यावी व निकाल एका महिन्यात व्हावा. पंचांत एक तरी धान्यव्यापाराबाहेरील गृहस्थ असावा.

(२) ठराविक रकमेवरील प्रत्येक सौद्याचा नमुना दोघांच्या सहीने मोहोरबंद करून संघाच्या कचेरीत ठेवावा. ओल व काडीकचरा यांची मर्यादा सौद्याच्या वेळीच लिहावी.

(३) एक अक्षयनीवी उभारावी. मुद्दलास हात न लावता केवळ व्याजातून हमाल-तोलाऱ्यांचे औषधपाणी व गरजू विद्यार्थ्यांची फी भागवावी. तिचा हिशोब वार्षिक सभेत मोठ्याने वाचावा व फलकावर लावावा, मग व्याज थोडे असो वा फार.

यांत नवे काही नाही. विणकरांनी गोवर्धनास केले, धान्यव्यापाऱ्यांनी जुन्नरास केले, तेच आपण दौलतगंजात व दालबाजारात करावयाचे आहे. पुढील सभेत या तीन सूचनांपैकी निदान पंचमंडळाची सूचना विचारास घ्यावी, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.